काकूंना खरंच दुखतंय

पुणे, रविवार

प्रिय सुजाता,

काल तुझा फोन आला तेव्हा ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही. "एवढं मेंदूचं ऑपरेशन आणि नुसती पॅरासिटामॉल लावलीय गं!" हे तुझं रडवेलं वाक्य रात्रभर मनातून गेलं नाही.

काकूंना दुखतंय ते खरं आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून या ऑपरेशननंतर फारसं दुखत नाही असं डॉक्टरही कित्येक वर्षं धरून चालले. पण डोक्याची कातडी, स्नायू, मेंदूवरचं आवरण हे सगळं दुखतं. काकूंचा छेद तर मागे, मानेलगत. तिथे स्नायू जाड, म्हणून जास्तच. पहिले दोन दिवस फार कठीण जातात.

मॉर्फिन हे वेदनेवरचं जबरदस्त औषध, पण ते द्यायला आम्ही कचरतो ते गुंगीमुळे. श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीतला दाब वाढतो. डोळ्यांच्या बाहुल्याही बारीक होतात. आम्ही टॉर्च मारून सारख्या बाहुल्याच बघतो ना, "नाव सांगा, माझा हात दाबा" म्हणतो. आत रक्तस्राव झाला तर त्याची चाहूल तिथेच लागते. गुंगी औषधाची की रक्तस्रावाची, हे मग ओळखायचं कसं? अगदीच लागलं तर देतात, पण थोडं थोडं, जवळ उभं राहून.

ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाने उलट्या होतात, फिटचा धोकाही वाढतो. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्त गोठायला अडथळा येतो, म्हणून सुरुवातीला सर्जन नको म्हणतात. पॅरासिटामॉल एकटी पुरत नाही हे तुझं बरोबर आहे. पण दर सहा तासांनी 1 ग्रॅम, घड्याळ लावून दिली तर बाकीची औषधं कमी लागतात. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर मात्र नाही. मला सगळ्यांत पटतं ते डोक्याच्या नसांजवळ बुपिव्हाकेनचं, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. काही तास दुखणं कमी आणि माणूस जागा. काकूंना दिलं होतं का, भूलतज्ज्ञांना विचार.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. कधीही विचारलं तरी "बरंय बाळा" म्हणायच्या. बीपी चढलेलं आणि चादर मुठीत घट्ट धरलेली, त्यावरून मला कळलं. काकूही त्याच वळणाच्या. "दुखतंय का" असं विचारू नकोस, "दहापैकी किती" विचार आणि आकडा सिस्टरला सांग. तो आकडा एकदम वाढला, उलटी झाली किंवा काकू हाकेला ओ देईनाशा झाल्या, तर गोळीची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना बोलव.

मंगळवारी सुट्टी आहे, डबा घेऊन येते. रात्री मी बसेन, तू झोप.

तुझीच,
मीना