रेंज होती

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, चिमी झाली तेव्हा आजी आईला बोलत होती, तुम्ही गप्प का होतात?’ मी रेंज नाही म्हणत फोन ठेवला. रेंज होती.

तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तरी लक्षात ठेवलंस. पेढे मी आधीच सांगून ठेवले होते. दवाखान्यातूनच हलवायाला फोन करून त्याची बर्फी केली. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हे कोणी ठरवलं कोण जाणे. घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘हिच्या कुशीत पोरीच.’ तुझ्या आईने मान खाली घातली आणि मी बर्फीचे बॉक्स मोजत बसलो.

मला माहीत नव्हतं असं नाही गं, शाळेत शिकलो होतो. गुणसूत्रांच्या 23 जोड्या. त्यातल्या 22 बाईपुरुषात सारख्याच. शेवटची जोडी बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. तुझ्या आईकडे एक्सशिवाय द्यायला दुसरं होतंच काय? माझ्या शुक्रपेशी मात्र निम्म्या एक्सवाल्या, निम्म्या वायवाल्या. कुठली आधी पोचेल ते कोणाच्याच हातात नसतं, पण पोचते ती बापाचीच. वायवर एसआरवाय नावाचा जनुक असतो, तो साधारण सातव्या आठवड्यात गर्भात वृषण घडवायला घेतो. तोवर मुलगा की मुलगी, काही फरक दिसत नाही. कधी हा जनुक बिघडलेला असतो, कधी चुकून एक्सवर जाऊन बसतो, मग सगळा हिशेबच बदलतो. ते तुझ्या मॅडमना विचार, मला तितकं नीट सांगता येणार नाही.

आणि ही काही कालची गोष्ट नाही. 1905 साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीत 20 मोठी गुणसूत्रं, नरात 19 मोठी आणि एक बारकं, तेच वाय. आजी चाळणीतून काढून अंगणात फेकते ना, तसलेच किडे!

आता गंमत ऐक. माझा एक्स मला मिळाला आजीकडून, पुरुषाला तो आईकडूनच मिळतो. तोच मी तुम्हा दोघींना दिला. माझं लाल-हिरव्यातलं रंगांधळेपण त्यावरूनच आलंय, म्हणून तर मंडईतून कच्चे टोमॅटो आणतो आणि बोलणी खातो. त्याची खूण तुम्हा दोघींच्या एकेका एक्सवर आहे. म्हणजे ज्या पोरींवरून आजी तोंड वाकडं करत होती, त्या तिचाच एक्स घेऊन आल्यात. मुलगा झाला असता तर त्याला तो माझ्याकडून मिळालाच नसता.

आजीला हे दिवाळीत मीच सांगणार आहे. तू फक्त जवळ बस.

पत्र पाकिटात घालायच्या आधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘चौदा वर्षं लागली तुम्हाला?’

तुझा,
बाबा