ग्लोव्ह बॉक्स न मोडता काढायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

इंजिन आणि ब्रेक शिकवणारे पुष्कळ भेटतात. डॅशबोर्डमधला साधा कप्पा मन लावून उतरवायला शिकवलंत ते तुम्हीच. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

ओढण्याआधी कप्पा कशाकशाने धरलाय ते बघा, हे तुमचं पहिलं सांगणं. सामान काढून आत टॉर्च मारायची. कडेला किंवा खाली स्क्रू दिसले तर ते आधी. नसले तर बहुतेक गाड्यांत कप्पा ठरावीक जागी अडवणारे दोन बाजूंचे स्टॉपर, एक डॅम्पर आणि खालची बिजागरी, एवढंच असतं. कप्पा सावकाश खाली सोडणारा तो डॅम्पर. त्याची कडी खुंटीवरून बाजूला सरकवायची, खेचायची नाही. खेचली की खुंटी तुटते आणि पुढे कप्पा धाडकन गुडघ्यांवर येतो. मग दोन्ही भिंती तळव्यांनी आत दाबल्या की स्टॉपर सुटतात, कप्पा आणखी खाली झुकतो आणि बिजागरीचे हूक दांड्यावरून निघतात. आत दिवा असेल तर वायरचा कनेक्टर काढल्याशिवाय कप्पा दूर न्यायचा नाही. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, तेव्हा आधी हीटर लावून केबिन ऊबदार करायची. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मे स्टॉपर वाचतात.

वर पॅसेंजरची एअरबॅग असते. तिच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, हे तुम्ही दर वेळी बजावलंत आणि तेच बरोबर होतं.

खरा फायदा कप्प्यामागे आहे. बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर तिथेच असतो. ब्लोअर बंद करून झाकणाच्या क्लिपा दाबायच्या, फिल्टर सरळ ओढायचा, म्हणजे कचरा खाली ब्लोअरमध्ये सांडत नाही. नवा घालताना त्यावरच्या बाणाची दिशा जुळवायची. बदलायचा साधारण 15,000 किलोमीटर किंवा वर्षाने, धुळीत त्याहून लवकर. फिल्टर ओला निघाला तर नुसता बदलून भागत नाही. पुढच्या काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी आत येतंय का ते बघावं लागतं. ब्लोअर टकटक करत असेल तर पंख्यात पान किंवा कप्प्यामागे घसरलेला कागद सापडतो.

देखभालीत तुमचा हात नेहमी आखडता, आणि ते योग्यच. बिजागरीला मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. डॅम्परला तेल कधीच नाही: त्यात धूळ चिकटते आणि तो अडकतो. कुलूप जड फिरत असेल तर कोरडी ग्रॅफाइट पूड. खडखड येत असेल तर स्टॉपरचे रबर आणि कप्पा बंद धरणाऱ्या कुंडीचा खिळा तपासायचा. रबर झिजलं असेल तर तिथे फेल्टची पातळ पट्टी बसते. कप्पा नीट बंद होत नसेल तर बहुतेकदा दोष कुंडीचा नसून मागे अडकलेल्या कागदांचा असतो.

बसवताना क्रम उलटा: आधी वायर आणि खालचे हूक, मग भिंती दाबून स्टॉपर, शेवटी डॅम्पर. हूक दोन्ही बाजूंनी बसलेत का, हे हलवून बघायला तुम्ही लावायचात. एकच बसला तर कप्पा तिरका राहतो आणि कुंडी लागत नाही.

पाने आणि जॅकसारखं जड सामान डिकीतच ठेवायचं, हेही नव्या पोरांना आता आम्ही सांगतो.

आपले,
तुमच्या हाताखाली शिकलेले सगळे