साखरशाळेच्या ताई, हे पत्र तुमच्यासाठी

ताई, तुमचा जुना नंबर लागत नाही म्हणून इथं लिहितेय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच. मी बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची, ऊसतोड मजुरांची पोर. सांगलीच्या वाळवा तालुक्यात गाडी सेंटरच्या अड्ड्यावर, म्हणजे बैलगाडीवाल्या टोळ्यांच्या तळावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहायचो आम्ही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन तुमच्या साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोडीच्या पोरांसाठी अड्ड्यावरच भरणाऱ्या वर्गाबाहेर उभी राहायचे ना, ती मी.

ऊसतोड म्हटलं की लोकांना मुकादमानं हंगामाआधी दिलेली उचल माहिती असते, मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता हे माहिती असतं, पण पोरांचं पुढं काय होतं ते फार कुणी विचारत नाही. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं म्हणजे पहिलं सत्र कसंबसं झालेलं, आणि परतायचं मार्च-एप्रिलात, परीक्षा तोंडावर. त्यात मुलगी असली की आई-बाप पहाटे अंधारातच फडात गेल्यावर पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या आणि लहानग्याला सांभाळायचं हे सगळं तिच्याकडंच. 2010 पासून कायद्यानं 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, पण कडेवरचा भाऊ खाली ठेवायला जागा नसेल तर माझ्यासारखीला तो मिळणार कसा?

तुम्ही ते बघितलंत आणि सरळ म्हणालात, बाळाला घेऊनच ये आत. कोपऱ्यात गोधडी टाकलीत, मग काय, अड्ड्यावरच्या सगळ्या पोरी आपापली भावंडं घेऊन यायला लागल्या, मधेच रडारड, शी-शू सगळं चालायचं पण तुम्ही कधी कुणाला हाकललं नाही, आणि वर्गसुद्धा दुपारचा ठेवलात, आमची कामं उरकल्यावर. गणित तर मोळ्यांवरच शिकवलंत, गाडीत ऊस किती, टनाला भाव काय, त्यातून उचल किती फिटली. ते जमायला लागल्यावर बाबा दर आठवड्याला हिशोब माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. शनिवारची गोष्टींची पुस्तकं आणि रंगपेट्या तर विसरणं शक्यच नाही. आणि गावी निघताना हजेरीचा कागद दिलात, तो दाखवल्यामुळं शाळेतलं नाव टिकलं, परीक्षेला बसता आलं. खरंच, त्या एका कागदानं माझं वर्ष वाचलं ताई.

आता गावोगाव हंगामी वसतिगृहं आहेत, नातेवाइकांकडं राहून पोरांची शाळा-जेवण होतं, चांगलंच आहे. पण शाळेच्या वयाआधीची लेकरं आईबरोबरच जातात आणि त्यांना बघायला मोठी बहीण पण जाते. म्हणून अड्ड्यावर वर्ग अजूनही लागतातच, आणि ते बाळांची सोय धरूनच हवेत, हे मी भेटेल त्याला सांगते.

मी नर्सिंग केलं, पुण्यात नोकरी आहे. भाऊ यंदा दहावीला. तुमच्यामुळं झालं हे, मनापासून आभार. यंदा वर्ग कुठल्या अड्ड्यावर आहे तेवढं कळवा, सुट्टी काढून येते, लेकरांची वजनं आणि कुणाची लस राहिलीय ते मी बघते.