दहा जणांची गिनती

चि. सागर यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "दुसरी फीत लागली" एवढं म्हणालास आणि रेंज गेली. आई लगेच देवापुढे साखर ठेवायला उठली. मला पायाचं विचारायचं होतं, ते राहिलंच. असो. पत्र त्यासाठी लिहीत नाही.

दोन फितींचा नाईक झालास, म्हणजे आता सेक्शन तुझ्याकडे. दहा माणसं. तुला वाटेल, दहा म्हणजे काय! तीन सेक्शनची प्लाटून, ती सुभेदार साहेबांकडे. तीन प्लाटूनची कंपनी, ती मेजर साहेबांकडे. अशा चार रायफल कंपन्या आणि वरचा लवाजमा मिळून पलटण, आठशेच्या आसपास. त्यात दहा कुठे दिसतात? पण पलटणीच्या प्रमुखाला, सीओ साहेबांना, आठशे माणसं कागदावर कळतात. रात्री कोण खोकला, कुणाच्या घरचं पत्र आलं की तो जेवत नाही, हे फक्त सेक्शन कमांडरला कळतं. महाराजांच्या पायदळातसुद्धा सगळ्यात खाली नऊ-दहा पायकांवर एक नाईकच होता, आणि पाच नाईकांवर हवालदार. साडेतीनशे वर्षं झाली, राज्यं बदलली, बंदुका बदलल्या, पण तुझ्या हुद्द्याचं नाव तेच राहिलं. हे वाचून मला फार बरं वाटतं, आणि तुझा पाय आठवतो.

बघ, परत आलंच.

दिवाळीत विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलास, तेव्हा "काही नाही आप्पा" म्हणत घोट्यावर मोजा ओढून घेतलास. मी गप्प बसलो. नव्या नाईकाला सिक रिपोर्ट करायची, आजारी म्हणून नाव द्यायची, लाज वाटते, हे मला कुणी शिकवायला नको. पण लंगडणारा सेक्शन कमांडर म्हणजे नऊ माणसांचा वेग कमी. तू मागे राहिलास तर ती थांबतील, आणि थांबू नये अशा जागी थांबतील. उद्या सकाळी एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात, जा. डॉक्टर साहेबांना खरं सांग. बूट सैल बांधू नकोस, घट्टही बांधू नकोस. रोज संध्याकाळी...

जाऊ दे. फौजेत तू आहेस, मी पेन्शनवर आहे. रागावू नकोस.

इकडे एक त्रास आहे. पेपरात काही झालं की लिहितात, 'लष्कराची तुकडी रवाना.' तुकडी म्हणजे किती? दहाचा सेक्शन, की शंभरावर माणसांची कंपनी? आई विचारते आणि मी मोठ्या ऐटीत सांगतो, "अगं, ब्रिगेडची माणसं असतील, तीन पलटणी, एक आपली, एक गढवाली, एक शिखांची." मला काय ठाऊक! पण मोठा आकडा ऐकून ती झोपते. दहा म्हटलं असतं तर झोपली नसती.

तू लहान असताना विचारायचास, "अख्खी मराठा रेजिमेंट एकदम लढते का?" नाही रे. ती बेळगावला घडते आणि एकेक पलटण होऊन चारी दिशांना वाटली जाते. आणि नावांचा घोळ तर विचारूच नकोस. आपली दुसरी पलटण अजून 'काळी पाचवी', कारण जुन्या मुंबई फौजेत तिचा नंबर पाचवा होता. पलटण आणि प्लाटून हे मुळात एकाच शब्दाचे दोन भाऊ, असं काही जण म्हणतात. गोऱ्या साहेबाची तीसेक माणसं आपल्या तोंडात येऊन आठशे झाली! हे ऐकून तू हसून लोळायचास.

माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आपण एसटीतून उतरून पाहिला होता. तेही नाईक, हातात एक सेक्शन. १० जुलै १९४४, इटली. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधला एकूणएक माणूस पडला, आणि ते एकटेच चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. वय बावीस. तू त्या दिवशी पुतळ्यासमोर सॅल्यूट ठोकलास आणि माझी छाती फुगली. आता मात्र मी ती गोष्ट नऊ जणांच्या बाजूनं मोजत बसतो. आणि एकटा पुढे गेलेल्याच्या बापाच्या बाजूनं.

आमच्या वेळी एकदा बर्फात रात्री गिनती केली, तर नऊच. दहावा मागे बूट धरून बसलेला, पाय बधिर. "उस्ताद, सांगायला लाज वाटली," म्हणाला. त्याची दोन बोटं गेली. अजून दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि अजून मीच आधी कान धरतो, कारण निघताना मी कुणाचेच पाय पाहिले नव्हते.

तेव्हा निघण्यापूर्वी दहाही जणांचे पाय बघ. दहावा तू आहेस.

आईनं लाडू आणि दोन जोड मोजे दिलेत. आजी ठीक. म्हैस व्याली, पाडी झाली.

तुझा,
आप्पा

ता. क. मोज्यांच्या आत क्रेप बँडेज गुंडाळून ठेवलंय. आईला पायाचं अजून सांगितलेलं नाही, फोनवर बोलताना सांभाळ.