करपलेल्या भांड्यांना ॲसिड नको, सोडा आणि थोडा वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाच्या पंगती, हरिनाम सप्ताह आणि शाळांमधील खिचडी यांमुळे आपल्या मराठवाड्यात मोठ्या भांड्यांतला स्वयंपाक वर्षभर चालू असतो आणि बुडाला करपलेली भगुनी घासण्याचे काम बहुधा एखाद्या मदतनीस बाईच्या वाट्याला येते. हे काम लवकर उरकावे म्हणून अलीकडे फरशी धुण्याचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरण्याची पद्धत पडली आहे. ती तातडीने थांबावी, यासाठी हे पत्र.

अन्न करपते तेव्हा त्यातील पिष्ट आणि साखर जळून कोळसा होते, तर तेल तापून त्याचा चिवट थर पत्र्याला घट्ट धरून बसतो. हा थर आधी मऊ करावा लागतो. नुसत्या जोराने तो सुटत नाही. स्टीलच्या भांड्यात करपलेला भाग बुडेल एवढेच पाणी घालून, लिटरमागे दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटे मंद उकळावे आणि भांडे तसेच गार होऊ द्यावे. उकळताना हा सोडा अधिक तीव्र होतो, तेलकट थर सैल पडतो आणि बराचसा करप लाकडी उलथन्याने निघून येतो. उरलेला भाग रात्रभर भिजत ठेवावा. सोड्यात लिंबू किंवा व्हिनेगर ओतून येणारा फेस पाहून अनेकांना समाधान वाटते, परंतु दोन्ही एकमेकांचा प्रभाव मारतात, म्हणून ते एकत्र करू नयेत.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र हा उपाय चालत नाही, आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत नेमकी हीच भांडी जास्त असतात. सोड्यात उकळल्यास ती काळी पडतात. कॉस्टिक सोडा तर धातूच खातो आणि त्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. त्यांच्यासाठी कोमट पाण्यात भिजवणे आणि काळपटपणावर चिंचेच्या पाण्याची उकळी पुरेशी आहे. लोखंडी तव्यावरचा काळा थर हा तेलाचा संरक्षक लेप असतो, तो खरवडू नये. कल्हईची भांडी तारेच्या घासणीने घासली तर कल्हईच निघते.

फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने स्टीलवरचा संरक्षक थर जातो व बारीक खड्डे पडतात, ज्यांत पुढच्या वेळी अन्न आणखी चिकटते. ब्लीचिंग पावडर त्यात मिसळली गेली तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, आणि बंद मोरीत बसून घासणाऱ्या बाईच्या जिवावर बेतू शकते. हातमोजे तर सहसा कुणी दिलेलेच नसतात.

पाण्याचा विचारही येथे टाळता येत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही, आणि आजही अनेक गावे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून असतात. घासत राहून वारंवार विसळण्यात जितके पाणी जाते, त्याच्या अगदी थोड्या भागात भिजवण्याचे काम होते. बोअरच्या जड पाण्याला साबणाचा फेसही धड येत नाही, त्यामुळे बायका साबण आणि पाणी दोन्ही वाढवत राहतात. भांड्यावर साचणारा पांढरा क्षारही चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने सुटतो.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि पंगतींच्या आयोजकांनी धान्याच्या यादीत खाण्याचा सोडा, चिंच, काथ्याची घासणी आणि रबरी हातमोजे लिहावेत. जेवणे आटोपली की भांडी घासायला न घेता आधी भिजत टाकण्याइतका वेळ मदतनीस स्त्रियांना कामाच्या तासांतच मिळावा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सेलू (जि. परभणी)