आई-बाबा, त्या सिझरबद्दल थोडं बोलायचंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की माझा गळा दाटतो आणि आई तू घाबरतेस, म्हणून लिहितेय. टाके भरलेत, बाळ मस्त आहे, त्याची काळजी नको.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात ना, बाळ सुखरूप, तू सुखरूप, मग रडायचं कशाला. तुम्ही मायेनेच म्हणालात, पण ते ऐकलं की माझं तोंडच बंद होतं, कारण पुढे काही बोलले तर मी कृतघ्न ठरते. बाळ सुखरूप असल्याचा आनंद आहेच हो, आणि त्या ऑपरेशनची भीतीही अजून गेलेली नाहीये.

कळा चालू होत्या, सगळं ठीक होतं, आणि एकदम बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून धावपळ सुरू झाली, सही घेतली, आत नेलं, काय चाललंय ते कुणी नीट सांगेना. पाठीत इंजेक्शन दिलेलं त्यामुळे दुखत नव्हतं पण ओढाताण सगळी कळत होती, पिशवीत हात घालून कुणीतरी सामान उचकतंय तशी, आणि अंग इतकं थडथडत होतं की मला वाटलं संपलं आता सगळं. भूल दिल्यावर असं कापरं भरणं अगदी कॉमन आहे म्हणे! हे तेव्हाच कुणी कानात सांगितलं असतं तर? बाळ लांबून दाखवलं आणि तपासायला नेलं, माझ्या छातीशी आलं ते बऱ्याच वेळाने. अजूनही झोपेत तेच दिसतं आणि मशीनचा बीप ऐकला की छातीत धडधडतं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या की आधी ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अचानक कराव्या लागलेल्या सिझरनंतर हा त्रास जास्त दिसतो. आपल्या हातात काहीच उरलं नाही ही भावना मनात बसते. एरवी बाळंतपणानंतर 100 पैकी 3-4 जणींना पीटीएसडी होतो, म्हणजे घाबरवणाऱ्या प्रसंगाचा धक्का मनात बसून तो पुन्हा पुन्हा आठवत राहण्याचा आजार, इमर्जन्सी सिझर झालेल्यांत प्रमाण त्याहून जास्त. पहिले 2 आठवडे रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं, पण ते त्यापुढेही राहिलं तर डिप्रेशन तपासावं लागतं. त्यासाठी 10 प्रश्नांचा एक फॉर्म असतो, 1987 साली एडिनबरोमध्ये तयार केलेला. माझा स्कोअर जास्त आला. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, तिथे मी 'कधीच नाही' लिहिलंय आणि ते खरंय, उगाच रात्रभर जागू नका.

काउन्सेलिंग सुरू केलंय. बाबा, तुम्ही गोळ्यांचं विचारलंत, अजून दिलेल्या नाहीत, पण लागल्याच तर सर्ट्रालीनसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्या अंगावर पाजतानाही घेता येतात, डॉक्टर बघून देतात.

आई, एक सांगू? रोज फोनवर पहिला प्रश्न 'दूध पुरतंय का' हा नको ना. सिझरनंतर दूध उतरायला वेळ लागू शकतो, आणि तू विचारलंस की मला वाटतं हेही मला जमलं नाही. आणि सिझर म्हणजे सुटलीस, त्रास वाचला असं बोलणाऱ्यांना तर मी आता उत्तरच देत नाही, पोट आणि गर्भाशय कापून घेतल्यावर कसला त्रास वाचतो!

तसा मीही सिझरनेच झालेय ना ग? तुझ्या पोटावरचा व्रण लहानपणापासून बघतेय पण त्या दिवसाचं तू कधी काहीच बोलली नाहीस, बहुतेक कुणी विचारलंच नसेल. मला ऐकायचंय. बाबा, तुम्ही तेव्हा बाहेर उभे होतात, तुम्हाला काय वाटत होतं तेही सांगा.

पुढच्या सेशनला आम्हा दोघांनाही बोलावलंय, तेवढा वेळ तुम्ही दोघं बाळाजवळ थांबाल का? जमत असेल तर आदल्या रात्रीच या, म्हणजे मला थोडी झोपही मिळेल.

तुमची लेक