माझ्या हातात कैताळ कोंबणाऱ्या मामांना

मामा, रामराम.

हे पत्र तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय. समोर आलो की "आभार कसलं मानतोस, च्या सांग" म्हणून तुम्ही विषय उडवता. तीनदा तसं झालंय, म्हणून आता चारचौघांत लिहितो. तुमचं नाव घालत नाही. मैदानात तरी नावानं कोण हाक मारतं तुम्हाला? हलगीवाले मामा म्हटलं की झालं.

२००१ साल असावं. असावं काय, होतंच. त्याच वर्षी मी कॉलेज सोडलं आणि घरी बोलणी खाल्ली. गळ्यात सेकंडहँड निकॉन एफएम टेन, एकशे पस्तीसची लेन्स आणि खिशात छत्तीसचे दोन रोल. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या दारात मला अडवलं. कार्ड नव्हतं. ज्या पेपरसाठी फोटो काढायला आलो होतो त्यांनी "आधी फोटो आण, मग कार्डाचं बघू" असं सांगितलेलं. तिकीट काढून आत गेलो असतो, पण तिकिटावर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला कोण उभं करणार?

तेवढ्यात तुमचा ताफा आला. दोन हलग्या, एक घुमकं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग कॅमेऱ्याकडे, आणि पिशवीतनं कैताळ, म्हणजे झांज, काढून माझ्या हातात कोंबलंत. "धर. वाजवू नको, इज्जत जाईल." दारावरच्याला म्हणालात, "आमच्यातलंच पोरगं हाय." तो बघतच राहिला, कारण माझ्या पायात कॉलेजातले पांढरे बूट होते.

मी आत गेलो आणि पहिल्यांदा ते मैदान तळातनं बघितलं. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि १९१२ साली खासबाग उभं राहिलं, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. वर बसणाऱ्याला ती वाटी सोयीची. कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. पण तळात, हौद्याच्या कडेला गुडघा टेकून बसलं की कळतं की ही वाटी फोटोवाल्यासाठीच बांधलीय. पैलवानांच्या मागं कुठल्याही अंगाला बघा, माणसांची भिंत. आभाळ नाही, बोर्ड नाही, नुसते चेहरे. आणि दुपार कलली की तिरपं ऊन लाल मातीच्या धुरळ्यात अडकतं. त्या अर्ध्या तासासाठी मी पुढं कितीतरी लग्नांच्या ऑर्डरी सोडल्यात, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल.

त्या दिवशीचे दोन्ही रोल वाया गेले. पुढच्या मैदानाला तुम्ही विचारलंत, "काय गावलं रं?" मी कॉन्टॅक्ट शीट दाखवली, म्हणजे अख्खा रोल एका कागदावर. टपालाच्या तिकिटाएवढे ते फोटो तुम्ही डोळ्यांजवळ धरून एकेक बघितलेत. एकात पैलवान पाठीवर पडलेला, एकात पंच हात वर करतोय, एकात जिंकलेला खांद्यावर. तुम्ही शीट परत दिलीत. "लेका, लग्नाला ये म्हटलं तर तू बारशाला आलास."

मला राग आला होता, मामा. मग कुस्ती चालू झाली आणि वाजवता वाजवता तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "बघत बसू नको. ऐक."

हे वाचणाऱ्यांतल्या ज्यांनी मातीतली कुस्ती नुसती टीव्हीवर पाहिलीय, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जोड लागली की आधी खडाखडी होते. मनगट झटकणं, मानेवर हात, एकमेकांचा अंदाज. तेव्हा हलगी संथ असते, जवळजवळ कंटाळलेली. मग एक जण पट काढायला, म्हणजे पाय धरायला वाकतो, किंवा ढाक हा डाव टाकायला बगलेत हात घालतो, आणि हलगी चढते. मी समजत होतो की डाव पडला म्हणून हलगी चढते. तसं नव्हतं. तुमची हलगी डावाच्या आधी चढायची. अर्धा सेकंद, कधी त्याहूनही कमी, पण आधी.

कसं, ते मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी कुठं तोंडाकडं बघतो? टाच उचलली की माझा हात चढतो." चाळीस वर्षं हौद्याच्या कडेनं फिरत तुम्ही टाचा बघत आला होता. अंगाचं वजन एका पायावर गेलं, मागची टाच मातीतनं सुटली, की आता काहीतरी होणार हे तुमच्या मनगटाला कळायचं. डोक्याला नंतर.

आणि फोटोग्राफीचा सगळा घोळ त्या अर्ध्या सेकंदातच आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यात आरसा असायचा. बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा आणि तेवढा वेळ आपल्याला काही दिसायचं नाही. म्हणजे फिल्मवर उतरलेला क्षण आपण पाहिलेलाच नसतो. जो पाहिला तो फोटोत नाही, जो फोटोत आहे तो पाहिलेला नाही. डोळ्यांनी बघून बोट दाबणारा माणूस कायम बारशालाच पोचणार.

मी डोळ्यांवरचा भरवसा कमी केला. फोकस हौद्याच्या मधोमध लावून ठेवायचा, बोट बटणावर अर्धवट आणि कान तुमच्याकडे. हलगी चढली की दाबायचं, काय दिसतंय याचा विचार न करता. तिसऱ्या मैदानाला गावलं. ढाक लागलेली, वरच्याचे दोन्ही पाय आभाळाकडे, खालच्याच्या मानेच्या शिरा ताठ, आणि माती अजून जमिनीवर न पडलेली. संध्याकाळचा उजेड होता. उजेड पुरेना म्हणून चारशेचा रोल सोळाशेवर ओढून धुतला होता, त्यामुळं दाणे तांदळाएवढे. तरी दुसऱ्या दिवशी चार कॉलमांत छापून आला.

खाली माझं नाव नव्हतं. मी पेपर घेऊन तुमच्याकडे तक्रार करायला आलो, जणू तुम्हीच संपादक. तुम्ही फोटो बघून खूश झालात, आणि नावाचं म्हणालात, "हलगीवर तरी कुठं नाव असतंय."

पुढं या धंद्यानं मला लांब लांब नेलं, पण कान तोच राहिला. खो-खोत मी 'खो' ऐकून बटण दाबत नाही. 'खो' येईपर्यंत उशीर झालेला असतो. धावणाऱ्याच्या पायांची लय तुटली की पुढच्या पावलाला तो सूर मारणार, ते ऐकतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपली प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर दोघं कर्णधार, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. तिथं आतल्या स्टेडियमच्या घुमणाऱ्या आवाजातही मी पावलं शोधत बसलो होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम ऐकायचा. हात टाकण्याआधी 'कबड्डी कबड्डी'ची पट्टी किंचित बदलते. प्रो कबड्डीत मात्र गाणी इतकी लावतात की दम ऐकू येत नाही. तिथं मी पार बहिरा होतो, आणि तिथले माझे फोटो तसेच आहेत, बरे. बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर तर कॅमेऱ्याचाही आवाज बंद ठेवावा लागतो. तिथं श्वास थांबलेला बघावा लागतो, ऐकू तो येत नाहीच.

वानखेडेला १६ नोव्हेंबर २०१३ ला होतो. 'सचिन, सचिन'चा गजर सकाळपासून एका पट्टीत चाललेला. शेवटी तो आवाज अचानक खाली बसला, म्हणून मी लॅपटॉपवरनं मान वर केली. तो खेळपट्टीला हात लावून नमस्कार करत होता. तिथं हलगी नव्हती, पण तीस हजार माणसं तुमचंच काम करत होती.

मॅटवरच्या कुस्तीचं तुम्हाला माहीतच आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, शिट्टी, गुणांचा लाल-निळा बोर्ड. खेळ वेगवान, उजेड चांगला, फोटो स्वच्छ येतात. मला ती कुस्ती आवडते, उगाच जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फक्त तिथं मी पुन्हा टाच बघायला लागतो, कारण सांगायला कुणी नसतं.

आताचा कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फोटो काढतो. एक तर एकशे वीस काढणारा आलाय. त्याहून गंमत म्हणजे बटण पूर्ण दाबण्याआधीचे फोटोही तो साठवून ठेवतो. म्हणजे तुमचं अर्ध्या सेकंदाचं गुपित यंत्रात भरलं त्यांनी. माझ्या हाताखालचा पोरगा मला विचारतो, मग मामांची गोष्ट कशाला सांगता? मी त्याला एका मैदानाचे तीन हजार फोटो दिले आणि म्हटलं, दहा मिनिटांत पाच निवड, नावं घाल, पाठव. तो अजून टाचांकडे बघत नाही. शिकेल.

तुम्हाला भेटणं राहून गेलं ते २०२० पासून. यात्रा बंद, मैदानं बंद, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा ताफ्यात तुम्ही नव्हता. हात थरथरतो म्हणून गावाकडं असतात, एवढं कळलं. मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी मी फोटो काढायला गेलो, आणि काढून झाल्यावर शेजारी खासबागेत जाऊन बसलो. सगळीकडे ओल्या राखेचा वास. रिकाम्या मैदानाचे फोटो मी पोटासाठी पुष्कळ काढलेत, पण त्या दिवशी कॅमेरा उचलला नाही. तुम्ही आत यायच्या आधी पालापाचोळा पेटवून हलगी शेकायचा, कातडं ताणेपर्यंत बोटानं टिचक्या मारत. ती जागा मी शोधत होतो.

घरी येऊन हार्डडिस्का काढल्या. तुमचा एक फोटो हवा होता. मामा, सांगायला लाज वाटते. वीस वर्षांत तुम्ही माझ्या शेकडो फोटोंत आहात आणि एकातही नीट नाही. लेन्स पूर्ण उघडी, फोकस पैलवानांवर. मागं एक पांढरा पुसट ठिपका म्हणजे तुमचा फेटा. काही ठिकाणी अर्धी हलगी, आणि ती अर्धी मीच कापलेली, चौकट घट्ट हवी म्हणून. तुमचं ऐकून ज्यांचे फोटो काढले ते सगळे स्पष्ट आहेत.

मग पत्र्याच्या पेटीतल्या निगेटिव्ह धुंडाळल्या. २००४ च्या एका रोलवर, कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीनं फुली मारलेली एक चौकट सापडली. फोकस चुकलेला. पुढचे दोन पैलवान म्हणजे नुसता मातकट ढग. आणि त्यांच्या मधल्या फटीत तुम्ही, पापणीच्या केसापर्यंत स्पष्ट, उजवा हात वर गेलेला, ओठ दाबलेले, नजर खाली टाचेकडे. वाया गेलेला म्हणून तेव्हा फुली मारली होती.

त्याचा मोठा प्रिंट काढलाय, बारा बाय अठरा. खाली तुमचं पूर्ण नाव घातलंय, ते इथं घातलं नसलं तरी. शिवरात्र झाली की घेऊन येतो. नातीला सांगा, भिंतीवर ऊन पडत नाही अशी जागा बघून ठेव. आणि ते कैताळ अजून असेल तर काढून ठेवा. वाजवणार नाही.

तुमचा,
पांढऱ्या बुटातला फोटोवाला